चार पात्यांची पाचर

मंगळवार, संध्याकाळ

इतका संताप आलाय की ताट बाजूला सारून आधी हे लिहायला बसलेय. येरवड्याच्या आमच्या वखारीत लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन आलं, आणि दादाने त्याला चार पात्यांची पाचर घेतली. का? तर एका दाबात चार तुकडे! दुकानदाराने सरळसोट निलगिरीवर चालवून दाखवली आणि आमचे बंधुराज भाळले. आपल्याकडे येते बाभूळ, ती गाठाळ. मारुतीकाका आधीच म्हणाले होते, "मालक, गाठीच्या लाकडाला एकाच पात्याची घ्या." तीस वर्षं कुऱ्हाड चालवलेला माणूस! दादा नुसता हसला. आणि मी? मीही तिथेच होते. का गप्प बसले मी?

आज पहिलाच ओंडका गाठीवर अडकला. मशीन नुसतं कण्हत राहिलं. शेवटी काकांनीच कुऱ्हाड घेऊन तो सोडवला. मग ती गाठ फक्त अंगठ्याने चाचपली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आणि दादा काय म्हणाला? "लाकूडच खराब आहे."

बरोबर आहे. बाभळीने वाढण्याआधी दादाला विचारायला हवं होतं.