कागदवाल्या सरांचा आवाज

१२ जाने., सोम.
डॉ.नी घशात नळी घातली. स्वरयंत्रावर गाठ. तुकडा तपासायला पाठवलाय. तोवर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. सु. शेजारीच होती. म्हणाली, "हे गप्प बसतील? लग्नापासून एकदा तरी बसलेत का, विचारा." आणि बाहेर रिक्षात बसल्यावर माझा हात सोडेना.

कॉलेजमधले मेकॅनिकलचे तास दुसरे घेतील. पण रविवारचं सुकापूर? गावोगावचे विज्ञानाचे प्रयोग कधी चुकवले नाहीत. वर्गातली पोरं नाव विसरतात, गावात मात्र 'कागदवाले सर' म्हणून ओळखतात. आवाज गेला तर त्या सरांचं काय उरणार... भीती वाटते. लिहून टाकलं.

१४, बुध.
संक्रांत. शेजारपाजारचे येतात आणि नेमकं मलाच गोड बोला म्हणतात. पाटीवर लिहून दाखवतो: पुढच्या वर्षी. सु. आधी हसली, मग आत निघून गेली.

जेवताना म्हणाली, "सुकापूरला मी बोलते. तुम्ही नुसते हात चालवा. पाठ आहे मला सगळं, तुमच्या त्याच त्या विनोदासकट." आयुष्य बँकेत गेलं तिचं, विज्ञान दहावीला सुटलेलं. पाटीवर लिहिलं: बरं.

१८, रवि.
सुकापूर, देवळाचं आवार. नेहमीचा प्रयोग. वही आणि कागद वेगवेगळे सोडले. वही धप्पकन, कागद तरंगत. मग कागद वहीवर ठेवून सोडला, दोन्ही एकदम खाली. टाळ्या. सु. ऐटीत: "पाहिलंत? वहीने कागदाला खाली ओढलं."

"ओढलं नाही! वही वाटेतली हवा बाजूला सारते."

हे मी. निघूनच गेलं तोंडातून. आवाज कसला, पत्रा घासल्यासारखा. आठवडाभर राग गिळला, शेजारच्यांच्या ड्रिलचा खडखडाट गिळला. चुकीचं स्पष्टीकरण काही गिळता आलं नाही.

येताना स्कूटरवर सु.ने माझा खांदा नाही, मागची कडी धरली.

१९, सोम.
घरात आता दोघंही मुके. सु.ने चहाचा कप आपटला. पाटीवर लिहिलं: चुकलो.

"चारचौघांत खोटं पाडलंत, त्याचं काही नाही. पण तुमच्या घशाची काळजी मी एकटीनेच करायची का?"

संध्याकाळी स्वयंपाकघरातून धाडकन आवाज. परत एकदा. डोकावलो तर ताटलीवर कागदाचा कपटा ठेवून सोडत होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती, "हवा बाजूला, हवा बाजूला." तसाच मागे फिरलो. फार प्रेम वाटलं तिच्याबद्दल.

२५, रवि.
करंजा बंदर. लिलाव आटपल्यावर मासळीवाल्या बायका जमल्या. सु.ने वही-कागद बिनचूक सांगितलं. माझीच छाती फुगली. मग एका आजींनी विचारलं, "चंद्राव हवा नाय ना गो बाय? मंग तिथं कसा परल?"

"तिथे दोन्ही एकदमच पडतील," सु. म्हणाली. शाबास. आणि बोलण्याच्या ओघात, "हवाच नाही, म्हणून तर माणसं तिथे हलकी होतात."

चुकलं. हलकी होतात ती चंद्राची ओढ कमी म्हणून, हवेचा काय संबंध. पण ती इतकी खुलली होती. बायका तिला सोडेनात, एकीने सुके बोंबील बांधून दिले. ओठ मिटून बसलो.

घरी चहा घेताना: "चुकलं का काही?"

पाटी: नाही.

"मग हात मांडीखाली दाबून का बसला होतात?" आणि खडू माझ्यापुढे धरला. लिहिलं मग सगळं.

२६, सोम.
उद्या रिपोर्ट.

सकाळी बघतो तर सु. चपला घालून दारात. "त्या आजींना चुकीचं सांगून आले मी. सांगून येऊ चला."

पाटी: पुढच्या रविवारी जाऊ की.

"पुढच्या रविवारी तुमचं काय असेल कुणाला..." आणि तोंडावर हात ठेवला.

पाटी पुसली. स्कूटरची किल्ली घेतली.