पेरणीला गेलेल्यांची घरं

प्रिय अवी,

तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नव्हती. आज लिहितेय, कारण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. उद्या तुझ्या ऑफिसात तुझी शोकसभा आहे आणि तुझा बॉस कॉलिन तिथे डोळे पुसणार आहे.

तू गेल्यावर झांबियात, लुसाकातल्या तुझ्या पाहणीतल्या त्या वस्तीवर बुलडोझर फिरला. नव्या रस्त्यासाठी. तिथली बरीच घरं रिकामी आहेत, असं तुमच्याच कंपनीने कळवलं होतं ना? माणसं गावाहून परतली तर घराच्या जागी नुसती माती! बोंब झाल्यावर कॉलिन म्हणाला, पाहणी अविनाशची होती. मेलेल्याच्या गळ्यात घोंगडं टाकलं की काम झालं!

पावसात पाहणी करायची नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाऊस लागला की वस्तीतली माणसं दाराला कुलूप लावून गावी मका पेरायला जातात, असं तू मला कितीदा सांगितलंस. तुझे आजोबा गिरणीतून रजा काढून लावणीला कोकणात जायचे, तेव्हा त्यांची खोली काय रिकामी होती?

कॉलिन इथे इंग्लंडात, रीडिंगच्या आपल्या घरी जेवायला आला होता, तेव्हा तू त्यालाही हे समजावलंस. पेरणी उरकू दे, लोक परत येऊ देत, म्हणालास. माझी आमटी भुरकत तो म्हणाला, "लॉक्ड इज एम्प्टी, अवी. क्लायंटला ख्रिसमसच्या आधी रिपोर्ट हवाय." मी तिथेच वाढत होते.

आणि तू मान डोलावलीस, कुलूपबंद घरं रिकामी म्हणून लिहून दिलीस! का रे? व्हिसा कंपनीच्या हातात होता, आपल्या ओवीची जीसीएसई, इथली दहावीची परीक्षा होती, सगळं कळतं मला. तरी राग जात नाही.

परवा ग्रेसला फोन केला. वस्तीत तुला रोज जेवू घालणारी ग्रेस. तिचंही घर गेलं. "अविनाशला माहीत होतं ना, आम्ही पेरणीला गेलोय ते?" एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं.

ओवीला माझा बेत सांगितला, तर ती म्हणते, "आई, प्लीज, तिथे सीन नको करू." मला सीनच करायचाय.

कॉलिनने मला तुझी एखादी छानशी आठवण सांगायला बोलावलंय. सांगते ना! समोर त्याचे क्लायंट असतील, स्क्रीनवर, व्हिडिओ कॉलने जोडलेले ग्रेस आणि तिचे शेजारी. त्या सगळ्यांसमोर आपल्या जेवणाच्या टेबलावरचं त्याचं वाक्य मी जसंच्या तसं म्हणून दाखवीन. त्याला या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, अशी व्यवस्था करूनच खाली बसेन.

आणि तू मान डोलावलीस, हेही सांगेन. तुलाही सोडणार नाही, अवी. वचन देते.

अजूनही तुझीच,
मीरा