थांबून वाजवायचं गाणं

६ जानेवारी

बोटं सोलली! डाव्या हाताची चारही. दुकानात पडद्याचं कापड धरताना तीनदा ‘आई गं’ म्हणाले. गिऱ्हाईक विचारतं, “बाई, बरं नाही का?” आता काय सांगू – बावन्नाव्या वर्षी गिटार शिकतेय म्हणून? म्हातारचळ म्हणतील.

यांच्यासाठी चाललंय सगळं. अर्धांगाचा झटका आल्यापासून यांची वाचा गेली. समजतं सगळं, पण बोलायला गेले की नुसतं ‘ता ता ता’. जन्मभर लाकूडबाजारात लिलाव पुकारले ते हे! (घरी मात्र मौनव्रत. मी भांडायचे – बाजारात सगळे शब्द विकून येता का?) बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “ज्यांना बोलता येत नाही त्यांना कधी कधी गाता येतं. गाण्यातून वाट काढू. पण एक तरी शब्द त्यांचा स्वतःचा निघायला हवा. पहिलं वर्ष महत्त्वाचं.”

मोबाइलवर यांचं आवडतं होडीचं गाणं लावलं. यांच्या ओठांवर शब्द येईस्तोवर गाणं पुढच्या ओळीत! यांनी चिडून मोबाइल भिरकावला. तो काही कुणासाठी थांबत नाही. म्हणून गिटार.

९ जानेवारी

नाही जमणार मला.

१० जानेवारी

गेले क्लासला. मास्तर पूर्वी बँडमध्ये वाजवायचे. म्हणाले, “रोज दहा मिनिटं. कंटाळा आला तरी मांडीवर घेऊन बसायचं.” कंटाळा? मला रडू येतं, त्याचं काय?

२ मार्च

“किनारा” म्हणाले! म्हणजे गायले – पण शब्द स्वच्छ!

एका कॉर्डवरून दुसरीवर जायला माझी बोटं इतका वेळ लावतात, तेवढ्यात दूध उतू जाईल. त्या खोळंब्यात यांनी ओळीचा शेवटचा शब्द घातला. माझ्या हातातून तार छेडायचं पिक सुटलं आणि गिटारच्या पोटात पडलं. मी ती उलटी धरून खुळखुळ हलवत बसले, तर हे हसले. किती दिवसांनी हसले!

१९ एप्रिल

मास्तर खूश. “आता पळतात हो बोटं तुमची!” घरी येऊन पळवली. मी पुढच्या ओळीत, हे मागे, तोंड उघडं. काय बिनसलं तेच कळेना. मग लक्षात आलं – मीच मोबाइल झाले!

मुद्दाम अडखळत वाजवलं. शब्द आला. म्हणजे तिथे शिकायचं आणि घरी येऊन विसरायचं. मास्तरांना हे कसं सांगू?

११ जून

भावजी आले होते, यांचे धाकटे भाऊ. मी म्हटलं, “ऐकाच तुम्ही!” होडीचं गाणं दोनदा म्हणायला लावलं. भावजींनी टाळ्या वाजवल्या – “वा दादा, वा!” यांच्या डोळ्यांतून पाणी.

या आजारात रडू लवकर येतं, मी भावजींना सांगितलं. बाई तसंच सांगतात.

१२ जून

तसंच असेल ना?

३० जुलै

स्वतःचा शब्द नाही तो नाहीच. पाणी हवं तर तांब्याकडे बोट. गाण्यात तेवढा पोपट.

आज गिटार काढली तर यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझं डोकंच फिरलं. ओरडले, “मग मी कुणासाठी मरमर करतेय?” आणि हट्टाने दोनदा वाजवलं. दोन्ही वेळा हे गायले, भिंतीकडे बघतच.

चुकलं का माझं? पण वर्ष सरत चाललंय. मला यांच्या तोंडून ‘अगं’ ऐकायचंय. एकदाच. लग्नापासून रोज फुकट मिळायचं ते, आणि मी ‘काय आहे आता?’ म्हणून खेकसायचे.

४ सप्टेंबर

बोटांना घट्टे पडले. सुई टोचली तरी कळत नाही. मास्तर म्हणतात, आता खरी सुरुवात. मला झोपावंसं वाटतं नुसतं.

६ सप्टेंबर

बोलले! गाण्यात नाही – बोलले!

तिसऱ्या ओळीला चांगला हात पुढे करून माझ्या तारांवर ठेवला. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “पुरे.”

बाईंना फोन केला. त्या आनंदाने ओरडल्याच, “स्वतःचा शब्द! कोणता हो, कोणता?”

मला सांगवेना.