कळव्याच्या खाडीतला अमेरिकन चाकू

वैशाख वद्य चतुर्थी, शके १८०६

राजमान्य राजेश्री गुरुदत्तराव, मुक्काम कल्याण, यांस श्रीपादचा साष्टांग नमस्कार. आपला दमा उतारावर असेल, वहिनींचे गुडघे जिना चढू लागले असतील आणि गाय एकदाची व्याली असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक आहे; ती तशी असू नये असे आपल्या घरी सर्वांना वाटते, हे आपल्या पत्रावरून कळले. आपण वडील मेहुणे. मला पाषाणहृदयी म्हटलेत, ते मी मस्तकी धरतो. परंतु आपली बहीण 'लोखंडाच्या तुकड्यापायी' बुडत होती, हे शब्द मला सहन होत नाहीत. ते लोखंड नव्हे, पोलाद आहे.

मुळात आपणास विषयच माहीत नाही. (दोष आपला नाही, कल्याणात चाकू म्हणजे आंबा कापायचा.) पूर्वी मुंबईस अमेरिकेहून बर्फाची गलबते येत, त्यांवरच्या खलाशांच्या खिशात हे घडीचे चाकू असत. ठाण्यास येणारे एक अमेरिकन पाद्री मला सांगत (ते धर्माकडे वळले की मी त्यांना पुन्हा चाकूवर आणी) की शेफील्डचे इंग्रज कारागीर समुद्र ओलांडून तिकडे गेले आणि त्यांनी हा धंदा तिकडे रुजवला. पात्याच्या बुडाशी करणाऱ्याचे नाव ठोकलेले असते, ते भिंगाने वाचायचे. असे जुने चाकू मी जमवतो. कचेरीत दिवसभर बोरू तासणाऱ्या माणसाने दुसऱ्या कशात जीव रमवावा? (त्या चाकूंनी मी बोरू तासत नाही. असे विचारूही नये.)

कळव्याच्या काळुराम मिठागरवाल्याच्या बापाला एका खलाशाने असाच चाकू दिला होता, सांबरशिंगाच्या मुठीचा. आपली बहीण वर्षाचे मीठ आणायला निघाली, म्हणून मीही होडीत बसलो. (मीठ हे निमित्त होते, असे ती म्हणते. असेल.) जाऊन पाहतो तो काळुरामाची बायको बायजा त्या चाकूने मासळीचे खवले काढते आहे. मी तिला त्याचा सगळा इतिहास सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाली, "एवरे मोठे मानसाला मी बोंबील कापाला नाय लावाची. न्या तुमी."

परतताना होडी वल्हवणाऱ्या काळुरामाने ठाण्याच्या काठाजवळ नांगर टाकला. दोराच्या वेटोळ्यात आपल्या बहिणीचा पदर अडकून गाठ बसली होती. दोराबरोबर पदर गेला, पदराबरोबर ती, आणि तिचे डोके पाण्याकडे ओढले जाऊ लागले. काळुराम दोर आवळून धरत म्हणाला, चाकू काढा. आता येथे आपण शांतपणे विचार करावा. खाडीचे पाणी खारे. त्याने जुन्या पोलादाचे काय होते, हे आपणास ठाऊक नसेल. मी म्हणालो, "जरा थांबा, गाठ हाताने सुटेल." आणि मी गाठीला हात घातलाही होता, ते कोणी सांगत नाही. इतक्यात आपल्या बहिणीने माझ्या अंगरख्याच्या खिशात हात घातला, दातांनी पाते उघडले आणि दोर कापला. नांगर तळाशी गेला, होडी वाहत जाऊन गाळात रुतली, आणि मिठाच्या गोणीसकट आम्ही गुडघाभर चिखलातून काठावर आलो. तिथे तिने चाकू माझ्या हाती दिला. मी विचारले, "पाते पुसलेस का?"

एवढाच माझा अपराध. कोणीही विचारील असा साधा प्रश्न. त्यावर दुसऱ्या दिवशी तिने कल्याणची गाडी धरली. आता टेंभी नाक्यावरचा तानाजी न्हावी मला पाहिले की गिऱ्हाइकाची हनुवटी धरून मोठ्याने विचारतो, पाते पुसले का. तेव्हा अब्रू कोणाची गेली, हे आपणच ठरवावे. मी क्षमा मागणार नाही.

आपला,
श्रीपाद

ता. क. गोणीभर मीठ घरात आहे, पण आमटीत किती घालावे हे मला कळत नाही. काल आमटी केली. तिच्याविषयी लिहीत नाही. बहिणीला पाठवावे, एवढीच विनंती. ती गाठ हाताने सुटली नसती, असे तिला आपल्या तोंडून सांगावे.

आणखी ता. क. हे पत्र टपालाने पाठवीत नाही. आपल्या दारासमोरच्या वाण्याच्या ओट्यावर बसून लिहिले आहे, तोच आणून देईल. आपली बहीण अंगणात कुरडया वाळत घालत होती. तिने मला पाहिले आणि पाहिलेच नाही असे केले. आता ती आत जाऊन पाण्याचा तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवून गेली आहे. तो पाय धुण्यासाठी आहे की कावळ्यांसाठी, हे विचारून कळवावे. तोवर मी वहाणा काढून बसतो.