अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा

१८ ऑगस्ट, सकाळी ६.४०
आजपासून जिज्ञासाची भाषा शिकायची. शाळेत होती तेव्हा संध्याकाळी पाणी प्यायलाही न थांबता दिवसभराचं सगळं सांगायची. अकरावीला गेली आणि आता 'हो', 'नाही', 'जेवले'. प्रतिभा म्हणते पोरगी मिटली. मिटलीबिटली काही नाही. तिचे शब्द आपल्याला कळत नाहीत, एवढाच टेक्निकल प्रॉब्लेम. एकोणीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीत क्वालिटीला आहे. केसाएवढा फरक पकडतो. सोळा वर्षांच्या पोरीचे शब्द म्हणजे काय मोठं.
टार्गेट: महिनाभरात ती पूर्वीसारखी बोलायला लागणार.

२० ऑगस्ट
बेलवलीहून तिच्या कॉलेजपर्यंत स्कूटरवर पंचवीस मिनिटं. मग मी पुढे कंपनीत. आज विचारलं, नवीन वर्ग कसा आहे. म्हणाली, पप्पा, वर्गात मी एनपीसी आहे. लगेच गाडी साइडला घेतली, वही काढली, अर्थ विचारला. गेममध्ये मागे नुसती उभी असलेली माणसं असतात, त्यांच्याशी कोणी बोलत नाही, ती एनपीसी. उत्तम व्याख्या. वाक्यासकट नोंद केली. ती पुढे काहीतरी सांगत होती, पण मागून रिक्षावाल्याने हॉर्न मारला.
पहिल्याच दिवशी यश.

२१ ऑगस्ट
प्रतिभाला म्हटलं, तू भाजी चिरताना अगदी एनपीसी दिसतेस. तिने अर्थ विचारला. सांगितला. रात्री फक्त वरण-भात.

२३ ऑगस्ट
शब्द: घोस्ट करणे. अर्थ: काही न सांगता बोलणं बंद करणे, मेसेज बघून उत्तर न देणे. वाक्य: शाळेच्या ग्रुपने मला घोस्ट केलं. हिंदीत एवढा नेमका शब्द नाही, मराठीतही नाही. तिला तसं म्हणालो. तिने हेल्मेटची काच खाली केली. ऊन होतं.

२४ ऑगस्ट, रविवार
शब्दांबरोबर पेहरावही हवा. उल्हासनगरला जाऊन ढगळ जीन्स आणली. दुकानदार म्हणाला, साईं, ये बच्चों का माल है, आपका उधर है. त्याला काय कळतंय. घरी आल्यावर जिज्ञासा हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. पायजमा म्हणून वापरतो आहे.

२७ ऑगस्ट
आज तिने आपणहून तोंड उघडलं. पद्धत लागू पडते आहे. फिजिक्समध्ये मी कुक्ड आहे, म्हणाली. मी अर्थ विचारलाच नाही. स्वतः सांगितला: वाट लागली. ती म्हणाली, हो. शंभर टक्के बरोबर आलं. कंपनीत सगळ्यांना चहा पाजला.

२ सप्टेंबर
शब्द: ऑरा. माणसाचं वजन. मार्कांसारखं वाढतं, मायनसमध्येही जातं. वाक्य: आजही डबा एकटीने खाल्ला, ऑरा मायनस हजार. म्हटलं, मायनसला पण हजार? जबरदस्त. सिग्नलला लिहून घेतलं, तेवढ्यात कॉलेज आलं. ती उतरून पाच मिनिटं गेटबाहेरच उभी होती. मैत्रिणींची वाट बघत असेल.
प्रतिभा म्हणते, वही ठेवा आणि पोरीशी नुसतं बोला. तिला सिस्टिम कळत नाही.

५ सप्टेंबर
सगळ्या नोंदी कंपनीच्या फॉरमॅटमध्ये टाइप केल्या: तारीख, शब्द, अर्थ, वाक्य. खाली 'नमुना: जिज्ञासा', 'तपासणी: नितीन'. लॅमिनेशन करून फ्रिजवर लावलं. रविवारी वर्षावासातलं धम्मग्रंथाचं वाचन आपल्या घरी आहे, विहारातली सगळी मंडळी येणार. बघू देत.

७ सप्टेंबर, रविवार
वाचन छान झालं. खीर घ्यायला सगळे आत आले आणि फ्रिजसमोर गर्दी. यशोधराताईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. हसून हसून पुरेवाट. त्यांचा सम्यक जिज्ञासाच्याच वर्गात आहे. त्याने मोबाइलवर फोटो काढला. वर्गाच्या ग्रुपवर टाकतो म्हणाला. म्हटलं, टाक की. शेवटी कामाची दखल घेतली जाते.
जिज्ञासा खीर न खाता खोलीत गेली. गोड तिला तसंही फार आवडत नाही.

८ सप्टेंबर
आज सॅम्पल नाही. स्कूटरवर पंचवीस मिनिटं काहीच नाही.

९ सप्टेंबर
सॅम्पल नाही. फ्रिजवरची शीट गायब. ओट्याखालच्या कचऱ्यात सापडली. लॅमिनेशनमुळे वाचली. धुऊन बॅगेत ठेवली.

१० सप्टेंबर
डोकं दुखतं म्हणून कॉलेजला गेली नाही. डोक्याला बाम दिला. नको म्हणाली. मी तिला तिच्या भाषेत विचारलं, काय सीन आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाम घेऊन बाहेर आलो.

११ सप्टेंबर, लंच
शीट मधूला दाखवली. माझ्याच लाइनला आहे, फॉरमॅटमधला दर्दी. कौतुक करेल असं वाटलं होतं. त्याने आमचा नापास मालाचा रिपोर्ट वाचतात तशी वरून खाली वाचली. मग म्हणाला, साहेब, चार नोंदी, चारही रिजेक्शन, सगळी एकाच पीसची. कारवाईचा रकाना कुठंय?
म्हटलं, अरे, हे शब्द आहेत. त्याने शीट माझ्याकडे फिरवली. मग मीही वरून खाली वाचली.
डबा तसाच परत आणला.

१२ सप्टेंबर
आज बोलणार होतो. सुरुवात कशी करायची याचे तीन मसुदे केले. तिन्हींमध्ये मीच चांगला दिसत होतो. फाडले.

१३ सप्टेंबर
ओव्हरटाइमला थांबलो. कोणी थांब म्हटलं नव्हतं. घरी आलो तर प्रतिभाने सांगितलं, ग्रुपवर तिला आता सगळे 'मायनस हजार' म्हणतात. फोटो गेल्यापासून. प्रतिभाला माहीत होतं, मला नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार, दुपारी ३
तिच्या दाराशी फरशीवर बसून लिहितो आहे. दार बंद. वही मांडीवर.
साध्या मराठीत विचारलं, जिज्ञासा, काय झालं बाळा?
आतून म्हणाली, कोणत्या तारखेचं विचारताय?
म्हटलं, पहिल्यापासून सांग. म्हणाली, मी सांगितलंय, तुमच्याकडे आहे, तुम्हीच वाचा.
वाचायला लागलो. वीस ऑगस्ट. शब्द, एनपीसी. अर्थ, गेममधली माणसं, ज्यांच्याशी कोणी...
म्हणाली, अर्थ नको. वाक्य वाचा.
वाचलं. चष्मा होता तरी दोनदा अडखळलो. दार उघडलेलं नाही.
आता तेवीस ऑगस्टचं वाचतो.