सातशे बारा फोटो खिशात

३ तारीख, सोमवार
संकल्प. आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ताईकडे गेली आहे, यायला बारा दिवस. तेवढ्यात घरातले सगळे फोटो स्कॅन करून फोनमध्ये घालायचे, माळ्यावरची ट्रंक कायमची रिकामी. आईला सरप्राइज! रोज साठ. किरकोळ काम.

४ तारीख
अकरा झाले. पहिल्या दिवशी वेग नसतोच. बायको म्हणाली, आईंना विचारलंत का? म्हटलं, विचारून कुणी सरप्राइज देतं का? ती कुकर लावायला गेली. म्हणजे पटलं.

७ तारीख
स्कॅनरला विश्रांती. दुपारी मलाही.

८ तारीख
हात बसला. फोटो काचेवर पालथा घालायचा, झाकण, बटण, पुढचा. एकशे ऐंशी! पालथ्या फोटोंवर कुठे कुठे काहीबाही खरडलेलं दिसतं. तिकडे बघत बसलो तर झालंच काम.

१० तारीख
डाग पुसणारं ॲप मिळालं. बाबांचा सायकल धरून उभा असलेला फोटो, आभाळात निळसर रेघोट्या उमटलेल्या. एका बोटात साफ! बाबा गेले तेव्हा मी पाचवीत होतो. त्यांच्यासाठी एवढं तरी करता आलं. भरून आलं.

१३ तारीख
मोहीम फत्ते. सातशे बारा. सगळे फोटो रद्दीवाल्याकडे. त्याने तराजूलाही लावले नाहीत, फोटो रद्दीत धरत नाहीत म्हणाला. ओळखीखातर नेले. बायको म्हणत होती, दोन दिवस थांबा. थांबायचं कशाला? आठवणी आता सुरक्षित आहेत.

१५ तारीख
आई आली. दारातूनच समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं. चहाच्या आधी ट्रंक मागितली. मी फोन पुढे केला. छोटं भाषणही तयार होतं. तिने सायकलचा फोटो उघडायला लावला. बघितला, हसली. मग फोन उलटा केला.

बाबा परगावी नोकरीला असताना त्यांनी तो पाठवला होता, मागे चार ओळी लिहून. आठ वर्षं तिला त्या दिसत नव्हत्या. त्यासाठीच ऑपरेशनला तयार झाली, हे ताईने मला आज फोनवर सांगितलं. आभाळातल्या रेघोट्या म्हणजे तीच शाई.

फोनच्या पाठीवर मी छापील स्टिकर लावलं आहे: हरवलेला सापडल्यास कृपया कळवावे. आईने ते न अडखळता वाचलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ तारीख, रविवार
सकाळी सहापासून रद्दीवाल्याच्या दारात. माल परवाच कारखान्यात गेला. आईला सांगितलं. म्हणाली, मजकूर पाठ आहे रे, अक्षर बघायचं होतं.

मीच म्हटलं, तू सांग, मी लिहून देतो. तिने सांगितलं. सायकल घेतली आहे, पण मागचं कॅरिअर रिकामंच असतं, अशी सुरुवात होती. चारही ओळी मन लावून लिहिल्या आणि कागद तिच्या हातात दिला. नव्या डोळ्याने तिने तो बराच वेळ जवळ-लांब धरून पाहिला. म्हणाली, काय लिहिलंयस, तुझं अक्षरच लागत नाही.