चुलीची पदवी

मु. पो. उमरखेडी, ता. जळगाव जामोद,
जि. बुलढाणा
१९ जून १९६६

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी शरयूचा साष्टांग नमस्कार.

प्रकृती कशी आहे असं तुम्हाला विचारण्यात अर्थ नाही. तुम्ही "ठीक" एवढंच लिहिता. मामी होती तोवर त्या "ठीक"च्या खाली तिच्या अक्षरात खरा वृत्तान्त असायचा, तो आता नसतो. म्हणून मीच नेमकं विचारते. सकाळचा खोकला कमी आहे का? खानावळीतल्या आमटीत आताशा डाळ दिसते का? (मागच्या पत्रात तुम्ही ती "शोधाचा विषय" असल्याचं लिहिलं होतं.) इकडे आम्ही सारे खुशाल. हे रोज सायकलनं जळगावला पंचायत समितीच्या कचेरीत जातात आणि येताना सायकल हातात धरून येतात, कारण काटे सगळे परतीच्या वाटेवरच असतात. चारुलता खामगावहून सुट्टीत आली आहे. ती बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आणि तिची आई दुसऱ्याच रस्त्यानं त्याच मुक्कामाला निघालेली, तेव्हा घरात कोण अभ्यास करतंय आणि कोण भाकरी थापतंय हे आल्यागेल्याला पटकन कळत नाही.

मामा, तुमचं ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. "चुलीपासून सुटका व्हावी म्हणून बायका पदवी घेतात, तू चुलीचीच पदवी घेतेस हे नवल." मी हसले. हेही हसले (जरुरीपेक्षा थोडं जास्त). पण तुम्ही चिखलीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, तुमच्या घरी राहून मी मॅट्रिक झाले, त्यामुळे तुमच्या मते पदवी म्हणजे शेक्सपीअर आणि काळा झगा. ही चुलीची भानगड काय आहे ते तुम्हाला एकदा नीट सांगायला हवं.

ग्रामसेविकेचं प्रशिक्षण घेऊन मी या भागात दहा वर्षं काम केलं. निर्धूर चुली घातल्या, परसबागा लावल्या, बाळंतिणींना उकळलेलं पाणी प्यायला लावलं (म्हणजे त्यांच्या सासवांना लावलं, ते अवघड असतं). मग नव्या ग्रामसेविकांना शिकवणाऱ्या केंद्रात शिक्षिकेची जागा निघाली. मुलाखतीत साहेबांनी माझ्या कामाची इतकी स्तुती केली की आता जागा मिळणार नाही हे मला तिथंच समजलं. पदवी नव्हती. चूल घालायला पदवी लागत नाही, पण चूल कशी घालावी हे सांगायला लागते. तेवढ्यात कळलं की एका ग्रामीण संस्थेत आमच्यासारख्यांसाठी सोय आहे. आमचं प्रशिक्षण जमेस धरतात, उरलेला अभ्यास वसतिगृहात राहून करायचा, प्रात्यक्षिक आपल्याच गावात द्यायचं, आणि शेवटी जी पदविका मिळते ती विद्यापीठ बी. ए.च्या बरोबरीची मानतं. ती जागा पुढच्या वर्षी पुन्हा निघणार आहे. त्यानंतर माझं वय बसत नाही. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही.

वसतिगृहाचं तुम्हाला लिहिलंच होतं. मुली मला मावशी म्हणायच्या. सवयीनं मी सगळ्यांच्या आधी उठायची आणि एकेकीला हलवून उठवायची, तर पहिला महिनाभर निम्म्या मुलींना वाटलं की संस्थेनं मला त्याच कामावर ठेवलं आहे. वर्गात मात्र मी मागच्या बाकावर बसायची. केस पिकलेलं डोकं पुढं असलं की शिकवणारे बिचारे आमच्याकडे बघूनच शिकवतात, आणि मला काही येत नसलं तर त्यांनाच लाज वाटते. पण मामा, खरं सांगू? नवी कोरी वही उघडून तिच्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत ते वाचत बसले. इतकी वर्षं मी जे जे लिहिलं ते दुसऱ्यांच्या नावानं लिहिलं होतं. अमकीची चूल, तमकीचं बाळ. माझ्या नावाची वही तुमच्या घरून निघाल्यानंतर ही पहिली.

असो. तर प्रात्यक्षिक.

एप्रिलच्या शेवटी परीक्षक येणार असं कळलं तेव्हा मी अजून वसतिगृहातच होते. गावाला बातमी ह्यांनी दिली, आणि तिथंच घात झाला. सरपंच पुंजाजींनी पारावर जाहीर केलं, "बाईची परीक्षा म्हंजे गावाची परीक्षा. कोनी हयगय करन त् याद राखा." मी आले ती परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, एस. टी. नांदुऱ्याला बिघडल्यामुळे धुळीनं माखून. माझ्याशी कोणी धड बोलेना. ज्याला विचारावं तो म्हणे, "तुमी निजा बाई, समदं तयार हाय." हे वाक्य ऐकून निजता येत नाही, तरी मी निजले.

सकाळी परीक्षक आले. नारायणराव म्हणून, खादीचा सदरा, शांत स्वभाव, आणि दिसेल ती वस्तू हात लावून पाहायची सवय. आधी परसबाग पाहिली. मी वसतिगृहात गेले तेव्हा तिथं वांग्यांची चार मरतुकडी झाडं होती. आता दाट हिरवीगार बाग होती आणि झाडांना वांगी लटकली होती. मलाच भरून आलं. नारायणरावांनी एक वांगं तोडलं. वांग्याबरोबर पांढरा दोरा आला. त्यांनी दुसरं तोडलं, त्यालाही दोरा. (पुंजाजींच्या मळ्यातली झाडं उपटून आणून रोवली होती, आणि वाटेत गळलेली वांगी जागच्या जागी बांधली होती. गावात काटकसर फार.) नारायणराव माझ्याकडे बघून म्हणाले, "ही कुठली जात?" पुंजाजी म्हणाले, "सुधारित हाय, साहेब."

दोऱ्याची वांगी पिशवीत टाकून नारायणराव रुखमाबाईच्या घरी निघाले. रुखमाबाई माझ्या समोरच राहते. तिच्या स्वयंपाकघरातली चूल माझ्या सगळ्या कामाचा मुकुटमणी. एका तोंडाशी जाळ घालायचा, त्याची झळ पुढच्या वैलावरचं, म्हणजे दुसऱ्या भोकावरचं, भांडं शिजवते, आणि धूर मागच्या मागे भिंतीतल्या धुराड्यानं छपरावर जातो. प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण या एका चुलीला. आत गेलो. चूल पांढरीशुभ्र होती. चुन्यानं रंगवून वर गेरूची वेलबुट्टी, तोंडाशी हळदकुंकू. काजळीचा ठिपका म्हणून नाही.

नारायणरावांनी चुलीच्या आत बोट फिरवलं, बोट पांढरंच निघालं. "ही चूल वापरात नाही," ते शांतपणे म्हणाले, "आणि वापरात नसलेल्या चुलीला गुण देता येत नाहीत."

मी रुखमाबाईकडे पाहिलं. "रुखमाबाई, काऊन वो असं?"

"घ्या! पाव्हण्याले काळी चूल दाखवू का?" ती माझ्यावरच उखडली. "तुमची परीक्षा हाय म्हून होळीपासून जाळ नाई केला म्या तिच्यात. मांगच्या चुलीवर रांधून राह्यलो आमी. डोये फुटले पार धुरानं, पन तुमच्या चुलीले डाग नाई लागू देला."

मामा, त्या क्षणी हसावं की रडावं हे मला कळेना. माझ्यासाठी त्या घरानं दोन महिने धूर खाल्ला होता, आणि त्यानंच माझी पदवी जाणार होती. वसतिगृह, वही, केंद्रातली ती जागा, सगळं त्या पांढऱ्या बोटापाशी येऊन थांबलं. रुखमाबाईला दोष देणं तर शक्यच नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "साहेब, पेटवून बघा."

"पेटवा," नारायणराव म्हणाले आणि पाटावर बसले.

रुखमाबाईनं काड्या घातल्या, पहिल्या भोकावर तवा ठेवून खाली जाळ केला, वैलावर चहाचं भगुनं घट्ट बसवलं. जाळ छान लागला. आत धूर शून्य. मला थोडा धीर आला. आणि मग बाहेर एक शिंक आली. पाठोपाठ दुसरी. अंगणात पुंजाजी हार घेऊन उभे होते, शाळेची मुलं स्वागतगीतासाठी रांगेत होती. गीत सुरू झालं आणि पहिल्याच ओळीत सगळी रांग खोकायला लागली. पुंजाजींच्या शिव्या ऐकू आल्या, त्याही निम्म्या खोकल्यात गेल्या. खुंट्याला बांधलेली शेळी शिंकली. (शेळी शिंकते हे मी प्रथमच ऐकलं.) नारायणराव चहाची वाट पाहत निवांत बसून होते. "बाहेर काही साथ आहे का?" त्यांनी मला विचारलं.

रुखमाबाईनं कपाळावर हात मारला. "अवो माय! माह्या मिरच्या!"

न पेटणाऱ्या चुलीचा वैल म्हणजे कोरडी, उंदीर न पोचणारी जागा. तिनं वर्षाच्या लाल मिरच्या त्यात दडपून वर झाकण घातलं होतं, आणि मग गडबडीत तेच झाकण काढून वर भगुनं ठेवलं होतं. मिरच्यांचा तिखट धूर धुराड्यानं सरळ छपरावर जाऊन वाऱ्याबरोबर अंगणात उतरत होता. आत आम्हा तिघांना नावालाही वास नाही. नारायणराव उठून चुलीपाशी आले. मग हात लावून पाहायच्या सवयीनं त्यांनी ते भगुनं उचललं.

पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगते की आम्ही तिघं अंगणात आलो तेव्हा पुंजाजींनी आंधळेपणानं हार माझ्याच गळ्यात घातला. नारायणराव बराच वेळ डोळे पुसत होते. बोलता यायला लागल्यावर म्हणाले, "बाई, इतकं कडक प्रात्यक्षिक मी आजवर घेतलं नाही. धूर आत राहत नाही हे मान्य. परसबागेला मात्र मी काही देऊ शकत नाही." डोळ्यांत पाणी आणून त्यांनी गुण लिहिले. पहिला वर्ग.

तर अशी ही चुलीची पदवी. आता तुम्हीच सांगा, तुमच्या शेक्सपीअरनं कधी अख्खं अंगण असं रडवलंय का?

ह्यांचा तुम्हाला नमस्कार, चारुलतेचाही. पथ्य सांभाळा. आमटीत डाळ सापडली तर कळवा.

तुमची
शरयू

ता. क. निकाल गेल्या आठवड्यात आला. वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण इंग्रजीत मी नापास आहे. निबंध आगगाडीच्या प्रवासावर होता. आमच्या जळगावला आगगाडी येत नाही. ती पाहायची तर नांदुऱ्याला जावं लागतं, म्हणून मी दोन ओळींतच गाडीतून उतरले आणि थेट रुखमाबाईच्या स्वयंपाकघरात शिरले. ऑक्टोबरात पुन्हा बसायचं आहे. तेवढा एक पेपर सुटला की पदविका पुरी, नाहीतर पहिला वर्गही वाया आणि ती जागाही. चारुलतेनं चार दिवस शिकवून पाहिलं. आता ती माझ्याशी बोलत नाही.

आणखी ता. क. मामा, तुम्ही या. ऑक्टोबरपर्यंत राहा. गेली दोन वर्षं बोलावते, तर तुम्ही लिहिता, "खेड्यातल्या चुलीचा धूर मला सोसत नाही." हे एवढं लांबलचक पत्र मी त्याच वाक्याला उत्तर म्हणून लिहिलं आहे. माझ्याही घरात तशीच चूल आहे, मिरच्या डब्यात असतात. मला इंग्रजी हवं आहे आणि तुम्हाला डाळ असलेली आमटी. मामीनं हे दोन वाक्यांत जमवलं असतं, मला सहा पानं लागली.

शेवटचं ता. क. तुम्ही येणार असं मी चुकून रुखमाबाईजवळ बोलून गेले. तुमचा पहिला चहा तिच्याकडे आहे. तिनं त्याच दिवशी चूल पुन्हा चुन्यानं रंगवली, आणि तुम्ही येईपर्यंत तिच्यात जाळ करायचा नाही असं ठरवून सगळं घर मागच्या चुलीपाशी खोकत बसलं आहे. आज सकाळी मला विचारत होती, "मामा कवा येतीन वो?" तेव्हा माझ्या पदवीसाठी नाही तर निदान त्या घरासाठी, मिळेल त्या एस. टी.नं निघा.